एकशेवीस व्होल्टचा साडू

ऑफिसात त्याला सगळे टेस्टर म्हणत. इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, याच्या खिशात कायम टेस्टर असायचा. शिवाय कुठलीही गोष्ट टोचून बघितल्याशिवाय याचा तिच्यावर विश्वास बसत नसे. वीज कंपनीच्या चोऱ्या पकडणाऱ्या पथकात त्याची निम्मी नोकरी गेली होती. तुटलेलं सील, प्लास्टरमागे दडवलेली वायर, मीटरच्या आधीच मारलेला आकडा, असलं काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. अडचण एवढीच होती की घरी आल्यावर तो चपला बाहेर काढायचा, पण ती नजर काही काढून ठेवायचा नाही. बायको फोनवर जरा हळू बोलली तरी याचे कान टवकारत.

अशा माणसाच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, त्याचा साडू राहायला आला.

बायकोची धाकटी बहीण आणि तिचा नवरा बरीच वर्षं परदेशात काढून परतले होते. दोघी बहिणींना आभाळ ठेंगणं झालं. टेस्टर मात्र म्हणाला, "अख्खं शहर रिकामं पडलं होतं, याला नेमकं हेच घर बरं मिळालं."

"मीच शोधून दिलं," बायको म्हणाली. "आता माझ्यावरही संशय घ्या."

साडूच्या सामानात तीन करड्या पेट्या होत्या, हातातल्या सुटकेसएवढ्या. तो होता त्या देशात वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की लोक घराच्या दर्शनी भिंतीवर दिव्यांच्या माळा सोडायचे आणि त्या गाण्याच्या तालावर नाचवायचे. कुठली माळ कधी पेटायची, कधी विझायची, कधी मंद व्हायची, हे सगळं त्या पेट्या ठरवत. साडू त्यांना कंट्रोलर म्हणायचा, आणि तेही पोटच्या पोरांची नावं घ्यावीत इतक्या मायेनं.

टेस्टरने एक पेटी उलटी करून मागचं लेबल वाचलं. "एकशेवीस व्होल्ट. हे इथे लावलंत तर गाणं सुरू व्हायच्या आधी धूर निघेल."

"माहीत आहे ना, भाऊजी. म्हणून तर हा आणलाय." साडूने कोपऱ्यातल्या लोखंडी ठोकळ्याकडे बोट दाखवलं. तो ट्रान्सफॉर्मर उचलायला दोन माणसं लागली होती. "आपले दोनशे तीस आत, एकशे पंधरा बाहेर. माळाही तिकडच्याच आहेत, त्यांनाही हेच लागतं."

टेस्टरने ठोकळ्यावर तळहात ठेवला. "दिवे बंद आहेत, तरी हा गुणगुणतोय."

"गुणगुणणारच. चालू आहे तो."

उत्तर बरोबर होतं आणि टेस्टरला ते ठाऊकही होतं. तरी जाताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची मीटरं नंतर काढून आणली होती.

सुट्ट्या लागल्या. पहिल्या संध्याकाळी गल्लीतली झाडून सगळी माणसं साडूच्या फाटकासमोर जमली. गाणं लागलं, आणि त्या साध्या दुमजली घराच्या कडा, खिडक्या, जिन्याचा कठडा सगळं जिवंत झालं. मुलं ओरडत होती. टेस्टरची बायको बहिणीचा हात धरून उभी होती. टेस्टर खाली गेला नाही. तो आपल्या खिडकीत हाताची घडी घालून उभा राहिला.

आणि मग त्याला जाणवलं की पाठीमागे काहीतरी हलतंय.

तो वळला. जेवणाच्या टेबलावरचा दिवा ठेक्यासरशी भपकन मोठा होत होता, परत लहान होत होता. गाणं थांबलं की दिवा थांबे, सुरू झालं की पुन्हा नाचे.

माझ्या घरातला दिवा याच्या गाण्यावर नाचतोय! म्हणजे याने माझ्या लाइनीत हात घातलाय. टेस्टरच्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. चोरून वीज ओढली तर दिवा मंद व्हायला हवा, मोठा कसा होईल, एवढी साधी शंकाही त्याला शिवली नाही. सगळ्या जगावर शंका घेणारा माणूस स्वतःच्या अंदाजावर मात्र डोळे मिटून विसंबला.

तेवढ्यात बायको वर आली. "पाणी तापायला लावते हं, आंघोळ उरकून घ्या," म्हणत तिने गिझरचं बटण दाबलं आणि पुन्हा खाली पळाली.

दोन-तीन मिनिटांत शेजारून फट् असा आवाज आला. साडूच्या घराचा डावा भाग अंधारला आणि जळक्या प्लास्टिकचा वास थेट खिडकीपर्यंत आला. गर्दीतून "अरेरे" निघालं. साडूने आधी पेटीकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे. तिथे टेस्टर होता. हसत नव्हता, पण वाईट वाटल्यासारखंही दिसत नव्हतं.

साडूने तो चेहरा लक्षात ठेवला.

पुढच्या काही दिवसांत दोन्ही घरांत कुजबुज वाढली. टेस्टर कामावरून आला की दोन घरांमधल्या सामाईक मीटरपेटीपाशी रेंगाळायचा. साडूच्या मीटरचं सील बघायचा, वायरींवरून नजर फिरवायचा. सील शाबूत होतं. त्याचा संशय त्यामुळे कमी झाला नाही, उलट वाढला. "साधा चोर सील तोडतो," तो बायकोला म्हणाला. "शिकलेला चोर तोडत नाही."

"माझ्या बहिणीच्या घरात चोर राहतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी म्हणत नाही. दिवा म्हणतोय."

पलीकडे साडू आपल्या बायकोला सांगत होता, "बघ, कंट्रोलर जळला तेव्हा हा गृहस्थ खिडकीत होता, आता मीटरपेटीपाशी घुटमळतो. वीज कंपनीतला माणूस आहे. काय करायचं आणि कसं निस्तरायचं, सगळं ठाऊक असणार."

"भाऊजी असलं करणार नाहीत. कुजकट बोलतील फार तर."

पुढच्याच संध्याकाळी दुसरा कंट्रोलर गेला. साडूने तो उघडला तेव्हा आतला एक भाग फुटून काळा पडलेला होता. विजेचा जास्त दाब आला की असं होतं, हे त्याला कळत होतं. पण जास्त दाब येणार कुठून? ट्रान्सफॉर्मर तर त्याने स्वतः तपासून घेतला होता.

सुट्टीच्या दिवशी, दुपार कलताना, टेस्टरने मीटरपेटीचं दार उघडलं आणि डोकं आत घातलं. हातात टेस्टर होताच. मागून आवाज आला.

"सापडलात ना!"

साडू आपल्या दारात उभा होता, कानशिलं लाल झालेली.

"कोण सापडलं?" टेस्टर सावकाश वळला. "पेटी दोघांची आहे. माझ्या घरातले दिवे का नाचतात ते बघतोय. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगून टाका, माझे कष्ट वाचतील."

"मी सांगू? माझे दोन कंट्रोलर जाळलेत तुम्ही!"

"मी? एकशेवीसची खेळणी दोनशे तीसवर नाचवायची आणि जळली की साडूवर ढकलायचं?"

"ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतोय!"

"आणि तो दिवसभर कुणाच्या विजेवर गुणगुणतो, तेही सांगा ना."

"चोर म्हणताय मला?"

आवाज चढले तशा दोन्ही बायका बाहेर आल्या. थोरली हात पुसत आली आणि नवऱ्याचा दंड धरून म्हणाली, "पुरे झालं. लोक बघताहेत. पाणी लावलंय, आत चला."

"ते मला कळलंच, ताई," धाकटी सवयीने बोलून गेली. "आत्ताच आमचा ओट्यावरचा दिवा लखलखला."

 दोघे पुरुष एकदमच म्हणाले, "काय?"

धाकटी गोंधळली. "म्हणजे... ताईने गिझर लावला की आमचे दिवे मोठे होतात. मला त्यावरून कळतं. मग मी थोडा वेळ फोन करत नाही, भाऊजींची आंघोळीची गडबड असते ना."

"आणि तुमचं गाणं लागलं की आमचा दिवा उड्या मारतो," थोरली म्हणाली. "आम्ही हसतो त्यावर. एका भिंतीची घरं, म्हटलं असेल तसंच."

टेस्टरने मीटरपेटीचं दार लोटलं. दिवा मोठा होतो. मंद नव्हे, मोठा. त्याने साडूकडे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी सरळ आवाजात विचारलं, "मल्टीमीटर आहे तुमच्याकडे?"

चौघे साडूच्या स्वयंपाकघरात गेले. साडूने मल्टीमीटरच्या सुया सॉकेटमध्ये धरल्या. आकडा दोनशे नव्वद. टेस्टर बायकोला म्हणाला, "अगं, जाऊन गिझर बंद कर!" बायको धावत आपल्या घरी गेली. आकडा घसरत दोनशे पस्तीसवर आला. खिडकीतून ओरडून पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा दोनशे नव्वद.

"म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून निम्मे," साडू पुटपुटला, "एकशे पंचेचाळीस. जळणार नाहीत तर काय."

"न्यूट्रल गेलाय," टेस्टर म्हणाला. "दोन्ही घरांचे फेज वेगळे, पण परतीची तार एकच आहे. तिचा जोड कुठेतरी सुटत आलाय. मग एका घरात भार वाढला की दुसऱ्या घरात दाब चढतो. आम्ही गिझर लावला की तुमच्याकडे, तुम्ही दिवे लावले की आमच्याकडे." मग स्वतःशीच म्हणाला, "हे मला पहिल्याच संध्याकाळी कळायला हवं होतं."

मग त्याने स्वतःच दोन्ही मेन स्विच खाली ओढले आणि लाइनमनला फोन लावला.

लाइनमन खांबावर चढला आणि तारेचा जोड आवळणारी एक पकड काढून खाली घेऊन आला. धातू खाल्ला गेला होता, आत काळी भुकटी. "जोड पूर्ण सुटला असता तर दोन्हीकडचे फ्रिज, टीव्ही, सगळं गेलं असतं," तो म्हणाला. "आग पण लागली असती."

साडूने विचारलं, "कुणी मुद्दाम केलेलं नाही ना?"

"कोण करणार? गंज आहे हा, साहेब."

टेस्टरने ती पकड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. त्यालाही तेच विचारायचं होतं, पण आता विचारता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी उरलेल्या एका कंट्रोलरवर घराचा जेमतेम जिना आणि दोन खिडक्या नाचल्या. माणसं थोडीच आली. टेस्टर या वेळी खाली आला आणि साडूशेजारी कठड्याला टेकून उभा राहिला. 

"मी खरंच चोर वाटलो होतो तुम्हाला?" साडूने विचारलं.

"हो," टेस्टर म्हणाला. "आणि मी? कंट्रोलर जाळणारा?"

"तुम्ही अजूनही थोडे वाटता."

गाणं संपलं. पलीकडे दोघी बहिणी कशावर तरी खदखदून हसत होत्या. दोघांनीही तिकडे मान वळवली, आणि आपल्यावरच हसताहेत अशी खात्री करून परत समोर पाहू लागले.

"दोन कंट्रोलर गेले ते तुमच्या कंपनीच्या जोडामुळे," साडू म्हणाला. "काही भरपाई वगैरे मिळते का?"

"अर्ज करा. चौकशीला माणूस येईल."

"कोण येईल?"

टेस्टरने थोडा विचार केला. "आमच्या भागात बहुतेक मीच."

साडू हसला. टेस्टर हसला नाही. जळालेल्या दोन्ही पेट्या आधी एकदा उघडून बघायला हव्यात, असं त्याच्या मनात येत होतं.