घरात सून आहे का?

गिरजा सासूला उठवत होती. एक हात मानेखाली, दुसरा कमरेखाली, आणि मग दात खाऊन एक हिसका. गुणाबाईला लकवा मारून सहा वर्षं झाली. पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात सगळे म्हणत, सून असावी तर अशी. या सुनेला सहा वर्षांत माहेरी एक रात्र काढता आली नव्हती, ते कोणी म्हणत नसे.

कुडाच्या कुंपणापलीकडे स्कूटी थांबली आणि गिरजाचं तोंड कडू झालं. साधना आली होती. एकट्या म्हाताऱ्यांना घरी येऊन सांभाळायला सरकारनं पगारी बाया नेमल्या होत्या, त्यातली ही. शेजारच्या बिनमुलाबाळांच्या लटारूभाऊंकडे ती रोज येई. हातमोजे चढवी, म्हाताऱ्याला आंघोळ घाली, आणि जाताना ओसरीवरच्या खुर्चीत बसून चहा पिई.

"पाय कसे हळू पुसते पाह्य थे," गुणाबाई अंथरुणातून दारापलीकडे बघत म्हणाली. "तुया हाताले तं काटे आहेत."

गिरजाच्या अंगाची लाही लाही झाली. काम तेच, वास तोच. तिला पगार, खुर्ची, चहा, आपल्याला काटे. साधनाच्या निळ्या एप्रनचासुद्धा तिला राग येई.

सासूसाठी अशी बाई मिळावी म्हणून अर्ज तिनंही केला होता. तपासणीच्या मॅडमनी विचारलं, "घरात सून आहे का?" "आहे ना, मीच," गिरजा तोऱ्यात म्हणाली, आणि मॅडमनी फुली मारली. सुनेच्या घराला ही सेवा नव्हती. नवरा मनसाराम उलट खूश झाला. "आपल्याले कायले पायजे सरकारी बाई? तू आहेस ना," असं म्हणत तो जाळं खांद्यावर टाकून तलावावर गेला.

पुढच्या तपासणीला मॅडम लटारूभाऊंच्या दारात उभ्या होत्या. "यांचं कोणीच नाही ना?"

"नाई कसं?" गिरजा कुडावरून म्हणाली. "पुतण्या आहे, गोपाल. बाजूच्याच घरात राह्यते. त्याची बायको रंजीता म्हंजे सूनच झाली ना."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच बोलताना तिला ते फार गोड लागलं.

दुसऱ्या आठवड्यात साधना यायची बंद झाली. दोन दिवस गिरजाला मोठं हलकं वाटलं. तिसऱ्या सकाळी कुडापलीकडे काहीतरी आपटलं. म्हाताऱ्याला उठवता उठवता रंजीता त्याच्यासकट खाली बसली होती, आणि लटारूभाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माफ कर व पोरी."

"गिरजाबाई, तुमी आजीले कशा उचलता?" रंजीतानं विचारलं. "मले शिकवा ना. माई कंबर धरली."

गिरजा पलीकडे गेली. एक हात मानेखाली, दुसरा कमरेखाली, तिनं दाखवलं.

"राईस मिलवर माया जागी दुसरी बाई ठेवली त्यायनं," रंजीता म्हणाली. "सरकारले कोणं सांगतलं, काय माहीत."

गिरजाला तिच्याकडे बघवेना. साधनाची खुर्ची काही तिला मिळाली नव्हती. आपल्या गळ्यातलं जोखड तेवढं तिनं दुसऱ्या पोरीच्या गळ्यातही घातलं होतं, आणि ती पोरगी तिच्याकडूनच ते ओढायला शिकत होती.

ग्रामसभेत मॅडम या सेवेची यादी वाचू लागल्या तेव्हा गिरजा उठली. मनसारामनं बस म्हणून खूण केली. ती बसली नाही.

"लटारूभाऊची बाई म्या बंद केली. जळून केली," ती म्हणाली. "त्यायचं नाव परत घाला. अन् माया सासूचंबी घाला."

"पण तुमच्या घरात सून आहे," मॅडम म्हणाल्या.

"अवं, मायले मंग कोण पाह्यन?" मनसाराम पुरुषांच्या रांगेतून पुटपुटला.

गिरजानं त्याच्याकडे पाहिलं, मग गोपालकडे, मग मॅडमच्या हातातल्या फॉर्मकडे.

"मॅडम, त्या कागदात 'घरात पोरगा आहे का' हे काऊन नाई इचारत?"

मॅडमनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली. तो प्रश्न कुठेच नव्हता.