हातावर असेल तोवर

राजचं घड्याळ घरी आलं तेव्हा चालू होतं.

शहाण्णव साली पावसाळा सरता सरता हवाई दलाचे दोन अधिकारी मखमलाबादच्या मळ्यात आले. गोटीराम बांधावर बसून गुलाबाच्या जुड्या बांधत होता. आसामात धुकं होतं, राजचं विमान डोंगराला धडकलं, एवढंच त्यांनी सांगितलं. पेटी उघडू नका, असंही त्यातल्या एकाने हलक्या आवाजात सांगितलं. घड्याळ मात्र वेगळ्या पाकिटात होतं. काचेवर ओरखडा, पट्टा एका बाजूने वितळलेला, आणि आत आकडे बदलत होते.

ते घड्याळ गोटीरामनेच मेनरोडच्या दुकानातून घेऊन दिलं होतं. दणकट द्या, पोराला विमान चालवायचंय, असं त्याने तेव्हा दुकानदाराला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कपाटातून बारीक आवाज आला. राजने लावलेला गजर. राजची आई भागुबाई उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. मग ते रोजचंच झालं. गोटीरामने सगळी बटणं दाबून पाहिली, गजर काही बंद होईना. शेवटी त्याने घड्याळ टॉवेलात गुंडाळलं आणि मळ्याच्या पार टोकाला, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवलं. पहाटे त्याला जाग आली. अंथरुणात तोच आवाज, कानाशी असल्यासारखा.

"विहिरीवरून इथवर ऐकू येतंय," तो म्हणाला.

भागुबाई अंधारात बसलेलीच होती. "मग आणा ना त्याला घरात," ती म्हणाली. "थंडी पडलीय."

त्याने आणलं. पुढे काही वर्षांनी सेल संपला आणि काचेमागचे आकडे पुसले गेले. तरी दोघं त्याच वेळेला जागे व्हायचे. तुला ऐकू आलं का, असं मात्र कोणी कोणाला विचारलं नाही.

शुभांगी राजहून बरीच धाकटी. कॉलेज संपवून तिने कोणाला न सांगता परीक्षा दिली, मुलाखतीला जाऊन आली, आणि हैदराबादजवळच्या अकादमीत वैमानिकाच्या प्रशिक्षणाला निवड झाल्यावरच घरात सांगितलं. भागुबाई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने लेकीची बॅग स्वतः भरायला घेतली. घड्याळ घ्यायचं होतं. त्यासाठी गोटीराम लेकीबरोबर पुन्हा त्याच दुकानात गेला.

गल्ल्यावर आता जुन्या शेठचा मुलगा शेखर बसत होता. बोलका होता. त्याने एक जाडजूड काळं घड्याळ पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवलं, मग लाकडी फळीवर आपटून दाखवलं.

"काका, विमानातून खाली पडलं ना, तरी याला काही होणार नाही."

गोटीरामने काउंटरची कड धरली. काळी काच, राजच्या घड्याळासारखेच राखाडी आकडे.

"असं नको," तो म्हणाला. "माणूस गेल्यावर चालू राहील असलं नको मला."

शेखरला काही कळलं नाही. शुभांगीने बापाला स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात समजावू लागली. "अण्णा, ढगात शिरल्यावर विमानातली यंत्रं बिघडली तर दिशा आणि वेळ एवढंच हातात राहतं. कुठल्या दिशेला किती मिनिटं आलो, इंधन किती उरलं, ते घड्याळावर मोजायचं. कच्चं घड्याळ घेऊन मी परत कशी येऊ?"

"त्याच्याकडे पक्कंच होतं."

"हो," ती म्हणाली.

शेखरला आता थोडंफार उमगलं असावं. तो खाली वाकला आणि त्याने मागच्या खणातून एक स्टीलचं काट्यांचं घड्याळ काढलं. याला सेल लागत नाही, तो म्हणाला, हात हलतो त्यावर हे चालतं. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत आपोआप थांबतं. बाकी दणकट, अंधारात काटे दिसतात. फक्त रोज थोडं पुढे-मागे होतं, वेळ लावून घ्यावी लागते. शुभांगीने चावी ओढून सेकंदकाटा जागेवर थांबतो का ते पाहिलं, काच कानाशी धरली, बापाकडे पाहिलं.

"चालेल. रोज लावून घेईन मी."

ती गेली, शिकली, उडू लागली. ओझरच्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं की गोटीराम खुरपं खाली ठेवायचा आणि आवाज विरेपर्यंत मान वर करायचा नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत ती रजेवर आली ती ताप घेऊनच. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, झोपू द्या म्हणाले. भागुबाईने तिच्या हातातलं घड्याळ काढून फळीवर ठेवलं. दोन दिवस पोरगी ग्लानीत पडून होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गोटीराम नेहमीच्या वेळेला जागा झाला. काहीच आवाज नव्हता. तो उठून फळीपाशी गेला. सेकंदकाटा थांबला होता.

का थांबला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी भिंतीला धरत तो लेकीच्या खाटेशी गेला आणि तिच्या तोंडावर वाकून कान देऊन राहिला. बऱ्याच वेळाने त्याला श्वास ऐकू आला. त्याने घड्याळ हलवलं, काटा निघाला, तसं त्याने ते आपल्याच मनगटावर चढवलं आणि तो मळ्यात गेला.

बाया फुलं तोडायला आल्या तर निम्मे वाफे उरकलेले. गोटीराम वाकून वाकून तोडत होता, मध्येच डावा हात झटकत होता, कानाशी नेत होता. उन्हं वर आली. भागुबाई चहा घेऊन बांधावर आली आणि त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली.

"ताप उतरलाय तिचा," ती म्हणाली. "अजून झोपलीय. दमला असाल, द्या इकडे. आता थोडा वेळ मी घालते."

तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात पुढे केला.