डाव्या खांद्यावर एकदा

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि काउंटरवरच्या यंत्राच्या पडद्यावर आडवी धरली. आपल्या दुकानातून निघताना ती गळ्यातच राहून गेली होती, पण आता तो ती मुद्दाम बरोबर आणल्यासारखी वापरत होता.

"काका, पडद्याचं माप तिरकं घेतात," दुकानदार म्हणाला. "या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"तिरकं आम्हीही कापतो," शिंपी म्हणाला आणि त्याने टेप तिरकी केली.

बापलेक मोटरसायकलवर लावायचं, रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायला आले होते. येत्या रविवारी लेक पहिल्यांदाच एकटी घाट ओलांडून समुद्रापर्यंत जाऊन येणार होती. फोनमध्ये नकाशा असतोच की, असं तिचं म्हणणं. फोन उन्हात तापून बंद पडला तर घाटात काय झाडांना विचारणार, असं त्याचं. शेवटी त्याने अट घातली. यंत्र घ्यायचं आणि ते माझ्या पसंतीचं घ्यायचं, नाहीतर मी मागे बसून येणार. मागे बसलेला बाप दर टपरीवर चहा मागतो हे ठाऊक असल्यामुळे लेकीने अट ताबडतोब मान्य केली होती.

दुकानदाराने तीन यंत्रं मांडली होती, पण त्याचा जीव सगळ्यात मोठ्यावर होता.

"हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर बसतो. नजर रस्त्यावर, कान यंत्राकडे. आणि ताई, आवाज इतका गोड आहे, रस्ता चुकावा असं वाटेल."

लेकीने बापाकडे पाहिलं. तिला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. ओठांवरून तिला पुष्कळ कळायचं, पण या दुकानदाराच्या मिशा ओठांवर उतरल्या होत्या.

"मघापासून काय सांगतोय हा?" तिने हातांनी विचारलं.

"आवाज गोड आहे म्हणतोय," बापाने हातांनीच उत्तर दिलं.

"कोणाचा? याचा?"

शिंप्याने हसू दाबलं आणि दुकानदाराला सांगितलं, "ती म्हणते, माहिती छान दिलीत."

दुकानदाराची नजर एकदा त्याच्या हातांवर, एकदा तिच्या हातांवर गेली.

"म्हणजे ताईंना..."

"ऐकू येत नाही."

"मग गाडी कशी चालवतात?"

"माझ्यापेक्षा बरी."

हे उत्तर शिंपी कित्येक वर्षं देत आला होता, आणि दर वेळी नवा कोरा सदरा चढवावा तशा थाटात देत होता. दुकानदार ओशाळला. पण माणूस बरा होता. त्यापुढे बोलताना तो प्रत्येक वेळी बोटाने मिशा वर दाबून धरू लागला, त्यामुळे लेकीला त्याचं बोलणं कळायला लागलं, फक्त हसू आवरणं कठीण झालं.

मग शिंप्याने एकेका यंत्राची झडती घेतली. हातमोजा घालून पडदा चालतो का पाहिलं. दुकानाबाहेर भर उन्हात नेऊन अक्षरं दिसतात का पाहिलं. हँडलला बांधायची पट्टी ओढून पाहिली, पाणी आत जाईल का विचारलं, नेटवर्क नसलं तर नकाशा राहतो का हेही विचारलं. दुकानदार घामाघूम झाला. दर यंत्रात शिंप्याला काहीतरी खोट सापडतच होती.

लेकीने सगळ्यात लहान यंत्र उचललं. गोल, तळहातात मावेल एवढं. त्यात नकाशा नव्हता. नुसता एक बाण आणि वळण किती लांब आहे तो आकडा.

"हे घेऊ," ती हातांनी म्हणाली. "हे तुमच्यासारखं आहे. वळण आलं की सांगतं, एरवी गप्प बसतं."

"मी कधी गप्प बसतो?"

"गाडीवर."

ते खरं होतं. ती गाडी शिकली तेव्हा तो मागे बसायचा आणि बोटांनी रस्ता सांगायचा. डाव्या खांद्यावर एकदा म्हणजे डावीकडे, उजव्यावर एकदा म्हणजे उजवीकडे, दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे थांब. लोकांचे खांदे मापण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. किती दाबलं की कळेल आणि किती दाबलं की ती दचकेल, हे त्याच्या बोटांना नेमकं ठाऊक होतं. पुढे ती तरबेज झाली, गाडीला मोठे आरसे लावून घेतले, पण तो मागे बसला की खांद्यावरची बोटं चालूच राहिली.

"एवढासा बाण!" तो म्हणाला. "सदऱ्याच्या बटणाएवढा. घाटात दिसायचा कसा?"

खरं सांगायचं तर त्याला कुठलंच यंत्र पसंत पडणार नव्हतं. पसंत पडलं असतं तर तिला एकटीला जाऊ द्यावं लागलं असतं. लेकीला हे दुकानाची पायरी चढतानाच कळलं होतं, आणि तरी ती शांतपणे एकेक यंत्र त्याच्या हातात देत होती.

दुकानदारानेच तोडगा काढला. मोठं यंत्र त्याने तिच्या हँडलवर बसवलं, स्पीकर असलेलं हेल्मेट शिंप्याच्या डोक्यात घातलं. "ताई पडदा बघतील, तुम्ही आवाज ऐका. पाण्याच्या जुन्या टाकीपर्यंत जाऊन या. मग काय ते बोला."

गाडी निघाली. आवाज खरोखरच गोड होता. दोनशे मीटरवर उजवीकडे वळा, असं त्याच्या कानात अदबीने सांगत होता. शिंपी खूश झाला. आजवर गाडीवर त्याला कोणी इतक्या आदराने काही सांगितलं नव्हतं.

"आता उजवीकडे वळा."

त्याचं बोट आपोआप उजव्या खांद्यावर पडलं. खांदा हलला, नाही म्हणाला. गाडी सरळच चालली. शिंपी चिडला. त्याने पुन्हा बोट टेकवलं, या खेपेला जरा जोरात. लेकीने डावा हात मागे आणून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि परत हँडलवर ठेवला.

उजवीकडची गल्ली बाजूने गेली तेव्हा त्याला दिसलं. रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत खणला होता. मातीच्या ढिगाऱ्यावर लाल फीत, आणि मोठ्या पाइपावर बसून एक कामगार डबा खात होता. गल्लीतून एक टँकर उलटा बाहेर येत होता. लेकीने तो लांबूनच पाहिला असणार. कान यंत्राला दिलेल्या बापाला काहीच दिसलं नव्हतं.

"शक्य असेल तिथे मागे वळा," आवाज म्हणाला. "शक्य असेल तिथे मागे वळा."

ती दोन गल्ल्या पुढे गेली, वळसा घालून आली आणि टाकीसमोर गाडी उभी केली.

शिंपी उतरला नाही. त्याला गेल्या वर्षभरातली वळणं आठवू लागली. बाजारातलं, दवाखान्याजवळचं, थोरल्या बहिणीच्या घराकडे जाणारं. आपलं बोट खांद्यावर पडायच्या आधीच तिचा इंडिकेटर लागलेला असायचा. दर वेळी. ते दिसत असूनही त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याला थोडं वाईट वाटलं. पण अभिमान इतका वाटला की हेल्मेट काढून वारा घ्यावा लागला.

"काय झालं?" तिने मागे वळून विचारलं.

"काही नाही. चल."

दुकानदार दारातच उभा होता. "कसा वाटला आवाज, काका?"

"गोड आहे. पण ते छोटं द्या."

"मोठं नको?"

"तिला बाण पुरतो."

बापाला मिशा नव्हत्या, त्यामुळे हे ओठ लेकीला नीट वाचता आले. तरी तिने हातांनी विचारलं, "पसंत?"

"पसंत."

त्या शब्दात रविवार आला होता, घाट आला होता, समुद्र आला होता. ती उड्या मारणाऱ्यातली नव्हती. तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. दुकानदाराने गोल यंत्र हँडलवर घट्ट बसवून दिलं आणि जाताना मिशा वर दाबून सांगितलं, "ताई, सांभाळून जा."

घरी परतताना बाण आपलं काम करत होता आणि लेक तिचं. शिंप्याने दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले होते, आणि ते त्याला फार जड वाटत होते.

घराच्या गल्लीचं तोंड आलं. कोपऱ्यावर त्याचंच दुकान, दाराशी बिनडोक्याचा लाकडी पुतळा. डोळे मिटूनही सापडेल असं वळण. बाण डावीकडे वळला, पण इंडिकेटर लागला नाही. गाडीचा वेग कमी झाला, मग आणखी कमी झाला, आणि गाडी जवळजवळ उभीच राहिली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. तो शिंप्यालाच ऐकू आला. त्याने गोंधळून आरशात पाहिलं. लेक आरशातून त्याच्याकडेच बघत होती.

त्याने हात उचलला आणि तिच्या डाव्या खांद्यावर एकदा बोटं टेकवली.

मग इंडिकेटर लागला.