रिकामी पहिली रांग

माझ्या थोरल्या बहिणीचं, तेजश्रीचं, लग्न आईनं बघितलंच नाही. होती मांडवातच, पण तिचे तिघे भाऊ रुसले होते आणि त्यांची समजूत काढता काढता इकडं हार घालूनही झाले. पुढं कितीतरी दिवस ती अल्बम उघडून लग्न बघत बसायची. वडील नसल्यामुळं भाऊ दुखवून चालायचं नाही, असं तिचं म्हणणं. मी तेव्हाच ठरवलं, माझं लग्न आईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग मामांचं काही का होईना.

मी शिरूरला शाळेत गणित शिकवते. त्यामुळं बसून विचार केला की काहीतरी उत्तर सापडतं, असा माझा गैरसमज होता. लग्न दौंडला ठरलं, कारण नवरा मुलगा, रोहन, तिथं रेल्वेत आहे. आमच्यात मुहूर्ताची भानगड नाही, बुद्धवंदना आणि हार झाले की लग्न लागलं. तोटा एवढाच, की रुसायला वेळच वेळ मिळतो.

मी पांढऱ्या साडीत स्टेजवर बसले न बसले तोच खाली सुरुवात झाली.

"किसन माझ्या मागं बसंल," यवतचे साहेबराव मामा म्हणाले. ते थोरले.

"बसतो की. पर अंकुश माझ्या मागं पायजे," मधले किसन मामा म्हणाले. "सोयरीक मी जमवली हाय."

"मंग दादा माझ्या मागं," धाकटे अंकुश मामा म्हणाले. "तेजूच्या लग्नात मला पार शेवटाला बसिवलं व्हतं. त्याची भरपाई कवा व्हायची?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन तिघांमध्ये फिरत होती. "दादा, एवढ्या बारीला सांभाळून घ्या."

मी माइक ओढून घेतला. नवरीनं बोलू नये म्हणतात, पण माझा संताप आवरेना.

"मामा, ह्या तीन असमता आहेत. साहेबराव मामा किसन मामांच्या पुढं, किसन मामा अंकुश मामांच्या पुढं. म्हणजे साहेबराव मामा अंकुश मामांच्याही पुढं आलेच. मग अंकुश मामा त्यांच्या पुढं कसे बसणार?"

"खुर्ची उचलून," अंकुश मामा म्हणाले.

"त्यापेक्षा असमतेच्या चिन्हाखाली एक बारीक रेघ मारू. नुसतं 'मागं' न म्हणता 'मागं किंवा बरोबरीनं' म्हणा. तिघं एका रांगेत बसा, लगेच उकल मिळते."

"बरोबरीनं?" तिघे एका सुरात ओरडले. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

"मग ह्याचा उकल संच रिक्त आहे! रिकामा! कुठंही बसलात तरी तिघांचं समाधान होणार नाही."

साहेबराव मामांनी शांतपणे मान डोलावली. "आसं आदीच सांगायचं की पोरी. रिकामा तर रिकामा. पयली रांग रिकामी ठिवा."

बाकी दोघांनाही ते पटलं. पोरगी शिकलेली आहे म्हणून माझं कौतुकही झालं. मांडववाल्यानं पहिल्या रांगेपुढं दोरी बांधली आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

पण पहिली रांग रिकामी म्हटल्यावर दुसरीत बसणारा हावरट दिसायला लागला. "मला न्हाई बाबा मानाची हाव," म्हणत किसन मामा तिसरीत सरकले. साहेबराव मामा चौथीत गेले, कारण हाव नसण्यातही थोरले तेच. अंकुश मामा त्यांच्याही मागं. ऋण संख्येनं गुणलं की असमतेचं चिन्ह उलटतं, हे मी दरवर्षी घसा कोरडा होईस्तोवर पोरांना सांगते. मामांनी ते न शिकवता करून दाखवलं. आता प्रत्येकाला दुसरा आपल्या पुढं हवा होता. तिघे आपापल्या खुर्च्या उचलून मांडवाबाहेर गेले, आचाऱ्याच्या कढयांपलीकडं गेले आणि रेल्वेच्या भिंतीला पाठ टेकली तेव्हाच थांबले. भिंतीमुळं तिघे एका रांगेत आले आणि त्यावरून नव्यानं रुसले.

त्यांच्यामागं आई, हातात तांब्या.

बौद्धाचार्यांनी मेणबत्ती पेटवली. "सुरू करायचं का?" त्यांनी विचारलं. मला रडूच फुटलं. तेजश्रीच्या लग्नात झालं तेच पुन्हा होणार होतं, आणि ह्या वेळी हातभार माझा होता.

मी हार हातात घेऊन तशीच स्टेजवरून उतरले आणि भिंतीपर्यंत चालत गेले.

"आई, तुझी अट काय?"

"माझी कसली आट?"

"सगळ्यांच्या मांडल्या, तुझीच विचारायची राहिली. सांग."

तिनं भावांकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं.

"मला बसायचंय, बाई," ती म्हणाली. "पहाटंपासनं उभी हाय."

मी तांब्या काढून साहेबराव मामांच्या हातात दिला. आईला दंडाला धरून आणलं, दोरी सोडली आणि पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. मागून हाका यायला लागल्या, "चांगुणा! ए चांगुणा!" तिचे पाय एकदा चुळबुळले. मग तिनं चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि पदर मांडीवर नीट केला.

वंदना झाली, हार घातले. समजूत काढायला कुणीच येईना म्हटल्यावर मामा परतले. येताना कोण पुढं होता आणि कोण मागं, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

जेवणं उरकल्यावर मी आईला गाठलं. "बघितलंस ना?"

"बघितलं की. हार घालताना जावयाचा हात थरथरत व्हता," आई म्हणाली. "तुझा न्हाई."