कमलाकांतचं खासगी भारनियमन

त्या उन्हाळ्यात दातिवऱ्यात लाईट जायची, ती एकट्या कमलाकांतच्या अंगणात. समोर इंदुबाईच्या ओटीवर पंखा गरगरत असायचा, टीव्हीतल्या सासवा सुनांना छळत असायच्या, आणि इकडे कमलाकांतच्या मागच्या दोन खोल्यांत पाहुणे वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले. दीड महिन्यात एकोणतीस वेळा लाईट गेली. वीज कंपनीच्या माणसाला विचारलं असतं, तर त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं असतं की गावाची लाईन फक्त दोनदा बंद होती. उरलेल्या सत्तावीस वेळा भारनियमन केलं ते खुद्द कमलाकांतनं.

तसा माणूस वाईट नव्हता. तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं वायरमन म्हणून राबला, निवृत्त झाला आणि घरामागं दोन खोल्या बांधून पर्यटकांना राहायला द्यायला लागला. बायको हंसाच्या हातचं कालवण खाऊन लोक बोटं चाटायचे. पण तेच लोक समुद्राची हवा खायला म्हणून यायचे आणि आल्या आल्या खिडक्या लावून एसी अठरावर ठेवायचे. किनाऱ्यावर जाताना एसी चालूच, का तर परत आल्यावर खोली गार हवी. एकदा तर खोली इतकी गारठली की भिंतीवरची पाल बाहेर येऊन उन्हात पाठ शेकत बसली. हंसानं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. एका पाहुण्यानं शुक्रवारी लावलेला गीझर त्याला रविवारी निघताना आठवला. तोवर त्या पाण्यात कोलंबी सोडली असती तर शिजून तयार झाली असती.

मग कमलाकांतनं तोंड उघडून सांगायचं की नाही? इथंच त्याची पाचावर धारण बसायची. पाहुणे जाताना मोबाईलवर चांदण्या देतात. पाचातली एक चांदणी कमी झाली की पुढचा पाहुणा दुसऱ्याच्या दारात. त्या चांदण्यांच्या धाकानं कमलाकांतची झोप उडाली होती. कुणी एसी लावला की त्याच्या छातीत मीटर फिरायला लागायचं, आणि बोलायला गेला की जीभ टाळूला चिकटायची. शेवटी त्यानं आपल्या हुन्नराचा उपयोग केला. मागच्या खोल्यांचा मेन स्विच ओढून कोठीत आणला, त्यावर लोखंडी पेटी बसवली आणि पेटीला कुलूप. किल्ली करगोट्याला. कुलूप कशाला, तर हंसाला पाहुण्यांची दया येऊन तिनं मधेच स्विच वर करू नये म्हणून.

पाहुणे ओरडले की हा कपाळाला हात लावून म्हणायचा, "काय सांगू, अख्ख्या गावची गेलीय हो." आणि मागल्या दारानं पळत इंदुबाईकडे.

"इंदुबाय, जरा टीव्ही बंद कर ना. पावण्यांना आवाज जातो."

"तुज्या पावण्यांपायी माज्या मालिकेतली सून तीनदा बाळंत झाली, मला एकदा पन बघायला नाय मिळाली," इंदुबाई करवादायची. पण शेजारधर्म म्हणून बटण बंद करायची. सुक्या मासळीचा धंदा करणारी ती सत्तरीची विधवा. जीभ बोंबलाच्या काट्यासारखी, मन मात्र मऊ.

मे महिन्यातल्या एका शनिवारी बोईसरहून दर्पण, त्याची बायको हिना, सात वर्षांची किंजल आणि दर्पणची आई असे चौघे आले. आईला सगळे माई म्हणत. माईंना दमा. सोबत वाफेचं छोटं मशीन असायचं. श्वास अडला की ते लावायचं, नाकातोंडावर मास्क धरायचा. हे सगळं दर्पणनं आल्या आल्या हंसाला सांगितलं. कमलाकांत तेव्हा एसीच्या खोक्याचा आवाज ऐकत बाहेर उभा होता. तो कसला ऐकतोय!

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पाहुण्यांची गाडी शिरगावचा किल्ला बघायला निघाली. कमलाकांतला त्याच वेळी खोल्यांच्या नोंदणीचा कागद द्यायला कोळगावच्या जिल्हा कार्यालयात जायचं होतं. खास रविवारी तिथं शिबिर लावलं होतं. निघताना त्यानं मागं चक्कर मारली. दोन्ही खोल्यांचे एसी घुरघुरत होते. त्यानं पायरीकडे बघितलं. पायरीवर एकही चप्पल नाही.

कोळ्याच्या पोराचा हिशेब असतो हा. वाळूवर चपला दिसल्या की माणसं समुद्रात, चपला नाहीत की माणसं घरी गेली. लहानपणापासून चपला मोजून त्यानं बाप-चुलते आले की नाही ते ओळखलं होतं. पायरी मोकळी, म्हणजे खोल्या मोकळ्या. त्यानं कोठीत जाऊन स्विच खाली ओढला, कुलूप लावलं आणि स्कूटरला किक मारली. माईंना गुडघ्यांमुळे गार फरशी सोसत नाही, म्हणून त्या चपला खोलीत नेतात, हे त्याला कोण सांगणार? आणि ऊन लागेल म्हणून माई खोलीतच झोपल्यात, हे कळायला त्यानं दार वाजवलं असतं तर ना.

कोळगावला त्याचा नंबर चौदावा होता. अकरावा चालू असताना फोन वाजला.

"काका, दर्पण बोलतोय. लाईट गेलीय का? माईचा फोन आला. तिला श्वास लागलाय, मशीन चालत नाहीय."

कमलाकांत खुर्चीतून ताडकन उठला. "माई? माई खोलीत हायत?"

"हो, ती आलीच नाही आमच्याबरोबर. काकू फोन उचलत नाहीत. आम्ही निघालोय, पण अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. तुम्ही बघता का? कधी येईल लाईट?"

आणि कमलाकांतच्या तोंडातून सवयीनं बाहेर पडलं, "अख्ख्या गावची गेलीय हो. मी बघतो, बघतो."

फोन बंद झाला. तो कागद खुर्चीवर टाकून धावत सुटला. स्कूटर चालू करता करता हंसाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. होडी लागायची वेळ, हंसा किनाऱ्यावर मासळी घ्यायला गेली असणार आणि फोन चुलीशेजारच्या फळीवर. इंदुबाईकडे फोन होता, पण तिचा नंबर त्यानं कधी घेतलाच नव्हता. हाक मारली की झालं, नंबर कशाला?

गरम वारा तोंडावर घेत त्यानं स्कूटर पिटाळली. केळवे रोडचं फाटक बंद. मालगाडी अशी सावकाश चालली होती की डबे संपेनात. त्याला वाटलं, सगळ्या देशाचा कोळसा आजच इथून चाललाय. त्या फाटकाशी उभा असताना त्याला लख्ख कळलं की आपण काय करून बसलोय. स्विच खाली ओढला ती एक चूक. पण त्याहून मोठी आत्ता केली, फोनवर. पुढं त्याच्या स्वतःच्या घरात लाईट होती. समोर इंदुबाईकडे होती. चाळीस पावलांवर डझनभर प्लग चालू होते, आणि त्याच्या एका वाक्यामुळे ती म्हातारी अंधाऱ्या खोलीत बसून गावाची लाईट यायची वाट बघत होती.

त्यानं फोन काढला. अंगठा बटणावर ठेवला आणि उचलला. खरं सांगितलं की चांदण्याच काय, अब्रूही गेली. पुन्हा ठेवला.

"दर्पणभाऊ, लाईट गेलेली नाय."

"आली का?"

"गेलीच नव्हती. मी बंद केली. कुलपात हाय. माईंना सांगा, पुढं आमच्या घरात या, नायतर समोर इंदुबायकडे. तिथं मशीन चालेल. आदी त्यांना फोन लावा, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

 मग फोन कटला.

तिथून दातिवऱ्यापर्यंत त्याला काहीच कळलं नाही. दर्पणनं फोन उचलला नाही, हंसानं उचलला नाही. रस्त्यात कुणी हात केला तरी त्याला वाटायचं, निरोप घेऊन आलाय. एडवणच्या पुढं सायकलवरून येणाऱ्या एका ओळखीच्यानं हाक मारली, तर हा थांबलाच नाही. ऐकायची हिंमतच नव्हती.

अंगणात शिरला तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आत कुणी नाही. फरशीवर पाण्याचा पेला आडवा. 

"इकडं ये, इकडं," समोरून इंदुबाईचा आवाज आला.

ओटीवर चटईवर माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंडावर मास्क, मशीन घरघरतंय, बाजूला किनाऱ्यावरून परतलेली हंसा त्यांची पाठ चोळतेय. माईंचा चेहरा पांढरा होता, पण छाती एका लयीत वरखाली होत होती. कमलाकांत अंगणातल्या वाळत घातलेल्या बोंबलांजवळच मटकन खाली बसला.

"पोराचा फोन आला तशा बिचाऱ्या भिंत धरून बाहेर आल्या," इंदुबाई म्हणाली. "तुज्या पुढच्या दाराला हंसाचं कुलूप. मी बोंबील उलटत होते म्हनून नदर गेली. नसते तर?"

इंदुबाई ओटीवरून उतरून त्याच्यासमोर आली.

"होडीवर बर्फ किती घेतात रं, कमलाकांता?"

"आता ह्यो काय सवाल झाला, इंदुबाय?"

"सांग की."

"जितका मिळंल तितका. चार दिवसांचा."

"आनि तो तांडेल, होडीचा म्होरक्या, लपवून ठेवतो काय? रातच्याला गुपचूप पेटी बंद करतो नि खलाशांना सांगतो, बर्फ वितळला? अरे, निघतानाच सगल्यांना दाखवतो. इतका बर्फ हाय, तिकडं पोचेपरेंत पुरवायचा हाय. मग खलाशी सोताच झाकन लावतात. कुनी उगडं टाकलं तर दुसरा वरडतो. तुज्या पावण्यांना तू कदी दाखवलंस काय हाय नि किती हाय? त्यांना खलाशी समज की. तू त्यांना चोर समजलास आनि सोता चोरावानी वागलास. मी पन टीव्ही बंद करून तुला साथ दिली, मी पन त्यात आले."

तेवढ्यात गाडी आली. दर्पण धावतच ओटीवर चढला, आईचा हात धरला, आणि ती ठीक आहे हे बघितल्यावर कमलाकांतकडे वळला.  "काका, एसीचं बिल जास्त येतं तर तोंडानं सांगायचं होतंत. आम्ही काय माणसं नाही?"

"चुकलो," कमलाकांत म्हणाला. "हात जोडतो. भ्यालो होतो मी. तुमाला सांगायला भ्यालो."

माईंनी मास्क बाजूला केला. आवाज कापत होता. "दर्पण, दुसऱ्या खोलीचा एसी कुणासाठी चालू होता रे?"

दर्पण हिनाकडे बघायला लागला, हिना किंजलकडे.

"घरी पंखा चालू राहिला तर तू मला दोनदा सुनावतोस," माई म्हणाल्या. "इथं पैसे भरले म्हणून समुद्रालाही थंड करायला निघालात. ह्यांनी केलं ते वाईटच. पण ह्यांना चोरी करावीशी वाटली, ती आपल्यामुळे."

हिना खाली बघत म्हणाली, "बोंबलाचा वास येतो म्हणून मीच खिडक्या लावल्या होत्या."

"मग सांगायचं की, बाय," इंदुबाई म्हणाली. "बोंबील सुकवायचे बांबू त्या अंगाला सरकवले असते. वास माज्या बोंबलांचा, नि बिल कमलाकांताला!"

कमलाकांत उठला. कोठीत जाऊन त्यानं कुलूप काढलं, अख्खी पेटीच उपटली आणि स्विच वर केला. त्या दिवशी दर्पणनं चांदण्या किती दिल्या ते कुणाला कळलं नाही, आणि कमलाकांतनं बघितलंही नाही.

आता त्याच्याकडे कुणी राहायला आलं की तो आधी चहा देतो आणि बाहेरच्या मीटरपाशी नेतो. म्हणतो, हे बघा, हे फिरतं ते तुमच्या-आमच्या दोघांचं. दुपारी झोपताना एसी खुशाल लावा, बाहेर जाताना बंद करा, सकाळी खिडकी उघडा, वारा फुकट हाय. कुणाला औषधाचं मशीन हाय काय, फ्रीजमधे इंजेक्शन ठेवायचं हाय काय, तेवडं सांगा. दहातले आठ जण ऐकतात. एक विसरतो. दहावा नाक मुरडतो, त्याचा एसी कमलाकांत समोर उभा राहून, विचारून बंद करतो.

मंडळी, घर भाड्यानं देणाऱ्यांनो आणि भाड्यानं घेणाऱ्यांनो, दोघांनाही सांगायचं ते एकच. पैसे भरले म्हणून वीज आपल्या एकट्याची होत नाही. ती तारेवर सगळ्या गावाची असते, तेव्हा खोलीतून निघताना हात बटणाकडे जाऊ द्या. आणि यजमानांनो, पाहुणा उधळपट्टी करतोय असं वाटलं तर त्याच्याशी बोला. स्विचला हात लावण्याआधी दार वाजवा. आत कुणीतरी श्वास घेत असेल.