तीन जहाजं, दोन पंप

गोदीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण सातवी नापास, हातात पाना आणि पेशंट सगळे लोखंडाचे. एका जहाजाचं काळीज काढून दुसऱ्याच्या छातीत बसवायचं आणि टाके कुणाला दिसू द्यायचे नाहीत, ही त्याची करामत.

सहा वर्षांपूर्वी नौदलाच्या पैशाला कात्री लागली आणि नवे सुटे भाग यायचे बंद झाले. एकाच जातीची चार जहाजं होती. त्यातलं एक धक्क्याला बांधून टाकलं आणि बाकीच्या तिघांना ते खायला घातलं. कारागिरांनी त्याचं नाव मावशी ठेवलं. ज्याला जे लागेल ते मावशीकडून उचलायचं, परत करायचं नाव नाही. दोन वर्षांत मावशी आतून पोकळ झाली. मग आग विझवायचे मोठे पंप संपले. जहाजं तीन, धड पंप दोन.

तेव्हा डॉक्टरनंच तोड काढली. तीन जहाजं एकाच वेळी समुद्रात कधी नसत, एक गोदीत असायचंच. आलेल्या जहाजाचे दोर बांधून व्हायच्या आत हा पिशवी घेऊन तळाशी उतरायचा आणि दुपारपर्यंत त्याचा पंप निघणाऱ्या जहाजात बसायचा. तपासणीच्या दिवशी तर तपासनीस जेवायला बसले की पंप क्रेनला लटकून इकडून तिकडे. एकदा तपासनीसबुवा त्याची पाठ थोपटून म्हणाले, "तिन्ही जहाजांचे पंप अगदी एकसारखे ठेवलेत हो!" आठवडाभर वर्कशॉप हसत होतं. डॉक्टरनं घरीही सांगितलं. लेक हसली नव्हती.

ती लेक आता तिसऱ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये मेकॅनिक होती.

सोमवारी हुकूम आला. मंत्र्यांना पाहुण्यांसमोर तिन्ही जहाजं एका रांगेत समुद्रात हवी होती, तीही गुरुवारी. वर्कशॉपच्या साहेबांनी डॉक्टरला बोलावलं. हे साहेब दर वाक्याला 'चालवून घ्या' म्हणत, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे 'चालवूनघ्या' म्हणत.

"तिसऱ्यासाठी मावशीचा जुना पंप आहे ना?"

"त्याच्या बॉडीला तडा आहे साहेब. मीच काढून टाकला होता."

"तड्यात लांबी भरा, वर रंग मारा, चालवून घ्या. दोन दिवसांचा तर प्रश्न."

"आणि आग लागली तर?"

"दोन दिवसांत कशाला लागेल?"

"आग काय तुमच्या ऑफिसात रजेचा अर्ज टाकून येते?"

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, पण थकलेला होता. "डॉक्टर, मी दर वर्षी वर मागणी पाठवतो. वरून एकच उत्तर येतं. सहा वर्षांत तुमचं एकही जहाज पंपावाचून थांबलेलं नाही, मग पंप कशाला? मी काय सांगू त्यांना? तुमचा पराक्रम?"

डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या कानशिलांत घण पडत होते. साहेबांवर राग होता, मंत्र्यांवर होता, त्या उंटावरच्या शहाण्यांवर होता ज्यांनी पंप नावाची वस्तू उभ्या जन्मात बघितली नसेल. पण सगळ्यांत जास्त राग होता तो त्या पाठ थोपटून घेणाऱ्या गाढवावर. कुऱ्हाडीचा दांडा तोच झाला होता.

बुधवारी सकाळी तो तिसऱ्या जहाजाच्या तळाशी उतरला तर पंप बसवलेलाही होता. वर ताजा करडा रंग चकाकत होता. लेक बोल्ट आवळत होती.

"कुणी बसवला?"

"आम्हीच. तुमची वाट बघत बसलो असतो तर वर्ष लागलं असतं. अप्पा, पंप ठीक असल्याच्या दाखल्यावर सही करा आणि मोकळे व्हा."

"तडा गेलाय ह्याला."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे आणि वर तोंड करून सही मागतेस?"

"मग काय करू?" ती ताडकन उठली. "तुम्ही नापास केलंत की आमच्या जहाजाची मावशी होईल. उद्याच येतील पाने घेऊन लचके तोडायला. आम्ही नव्वद माणसं कुठे जाऊ? मला स्वतःचं जहाज मिळायला चार वर्षं लागली!"

"जळालीस तर कुठे जाशील?"

"तपासनीसाला फसवून हसत होतात तेव्हा तुम्हाला विस्तव आठवला नाही."

डॉक्टरनं पाना उचलला. "होजपाइप जोड. पाणी सोड. तुझ्या डोळ्यांनी बघ."

ती कुरकुरत खाली बसली, पण होज जोडला. पंप गुरगुरला. दाबाचा काटा दोनवर गेला, तीनवर गेला. सातपर्यंत जायला हवा होता. साडेतीनला रंगाला केसाएवढी रेघ पडली, लांबीचा तुकडा टणकन उडून भिंतीवर आदळला आणि पाण्याची धार लेकीच्या छातीवर बसली. ती कोलमडून मागे पडली. डॉक्टरनं खटका बंद केला. होजच्या तोंडातून लहान मूल मुतावं तेवढं पाणी गळत होतं.

लेकीनं तोंड पुसलं, पाना हातात घेतला आणि आवळलेले बोल्ट एकेक करून सोडायला लागली. डॉक्टर पलीकडच्या बाजूनं बसला. तासाभरात क्रेननं पंप उचलून धक्क्यावर आणून ठेवला, मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागेल असा.

साहेब धावत आले. मागून जहाजाचा कप्तान.

"परत बसवा!" कप्तान ओरडला.

"मी बसवणार नाही सर," लेक म्हणाली. तिच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं.

"डॉक्टर?"

"रिकाम्या जागेच्या दाखल्यावर सही करणारा आणा कुणी, सापडला तर."

कप्तान वळून जहाजाकडे निघून गेला. साहेबांनी जहाज थांबवण्याचा फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'तांत्रिक कारणास्तव.' डॉक्टरनं त्यांच्या हातातून पेन ओढलं आणि ती ओळ इतकी जोरात खोडली की कागद फाटला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'पंप नाही. चार वर्षं नाही. तिन्ही जहाजांत मिळून दोनच आहेत. फिरवून मीच दाखवले.' आणि सही ठोकली.

"तुमची नोकरी जाईल," साहेब हळूच म्हणाले.

"चालवून घेईन."

साहेब कागद घेऊन गेले. गुरुवारी दोनच जहाजं निघणार होती. धक्क्यावर बापलेक उरले.

"आता आमचं जहाज कापतील," लेक म्हणाली.

"कापू देत. तू त्यात नसशील."

तिनं ओले केस पिळले. डोळे लाल होते, पण रडत नव्हती. "अप्पा, हेच चार शब्द तुम्ही पहिल्या वर्षी लिहिले असते तर आज आमच्याकडे पंप असता."

डॉक्टरनं खाली पडलेला पाना उचलून पिशवीत टाकला. ती तोवर जहाजाच्या शिडीवर चढली होती, आपली पेटी आवरायला.