एक मिनिट, कुणी बोलू नका

मी माईक. बोलतोय, यावर माझाच विश्वास बसत नाही. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं; स्वतःचं म्हणून एक अवाक्षर काढलं नाही. आज थोडी सवड आहे, तर मन मोकळं करून घेतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या कोटातल्या एका बाईंनी माझ्यासमोर दोनदा चुटकी वाजवली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. झालं माझं कौतुक. पुढे दुकानाच्या काचेत वर्षभर धूळ खात पडलो होतो. येणारा जाणारा मला हातात घेऊन 'हॅलो, हॅलो' करायचा, फुंकर मारायचा आणि ठेवून द्यायचा. माणसं माईकवर फुंकर का मारतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आम्ही काही गरम चहा नाही.

मग एक दिवस ताई आल्या. त्यांनी मला हातात धरलं आणि चक्क गप्प उभ्या राहिल्या. दुकानाचं दार, रस्त्यावरची सायकल, दुकानदाराचं नाक ओढणं, सगळं त्यांनी कानाला हेडफोन लावून ऐकून घेतलं. "हा देऊन टाका," त्या म्हणाल्या. मी त्याच क्षणी त्यांचा झालो.

ताई आमच्या शहराच्या रेडिओवर बातमीदार. दर रविवारी सकाळी त्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. त्यात खाणं असायचं, टेनिस असायचं आणि शहरात आठवडाभर काय काय घडलं ते असायचं. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं केंद्राच्या साहेबांनी एकदा विचारलं होतं. "तिन्ही मला आवडतात," ताई म्हणाल्या. विषय संपला.

त्यांच्याबरोबर मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! लिफ्ट चालवणारे, घड्याळ दुरुस्त करणारे, पुलाखाली बूट शिवणारे. रेडिओवर चेहरा दिसत नाही, हे ठाऊक असूनही प्रत्येक जण मला पाहिलं की आधी केसांवरून हात फिरवायचा, मग घसा खाकरायचा. ताई हसायच्या नाहीत. "छान दिसताय," म्हणायच्या, आणि समोरचा माणूस मोकळा बोलू लागायचा.

बेकरीत त्यांनी मला भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाजवळ धरलं. गरम पाव निवताना त्याचं कवच बारीक तडतडतं. शेजारी उभ्या माणसालाही ते सहसा ऐकू येत नाही. ताईंनी ते अख्ख्या शहराला ऐकवलं. त्या रविवारी बेकरीवाल्या काकांचे पाव नऊच्या आत संपले.

टेनिसच्या वेळी तर त्या डोळे मिटून घ्यायच्या. चेंडू रॅकेटच्या मधोमध लागला की कडेला, हे त्या आवाजावरून ओळखायच्या. एकदा एक चेंडू सणसणत आला आणि थेट माझ्या डोक्यावर आदळला. माझी जाळी एका बाजूनं चेपली. सगळे ताईंकडे धावले, "लागलं का हो?" आणि ताई मला उलटासुलटा करून बघत होत्या. तेव्हापासून माझी जाळी जरा सैलच आहे.

आता त्यांची एक खोड सांगतो. प्रत्येक ठिकाणी बोलणं संपलं की त्या हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "एक मिनिट, कुणी बोलू नका." मग मिनिटभर मी त्या जागेचा नुसता आवाज ऐकायचा आणि रेकॉर्डरनं तो साठवायचा. पुढे बोलण्याचे तुकडे जोडताना मध्ये भरायला तो लागतो. बाकीचे बातमीदार दहा सेकंदांत उरकतात. ताई पूर्ण मिनिट घ्यायच्या, आणि काम झालं तरी ते पुसायच्या नाहीत. खरं सांगतो, मला त्या मिनिटाचा कंटाळा यायचा. ऐकण्यासारखं काही नसताना कान टवकारून बसायचं म्हणजे शिक्षाच.

केंद्रावर बटणं सांभाळणारे मामा आहेत. सगळे त्यांना बटणमामाच म्हणतात. ते चिडवायचे, "ताई, या शांततेचं लोणचं घालणार का?"

"मुरू दे की, मामा," ताई म्हणायच्या.

आणि मग ताईंचा घसा बसला. आधी त्यांनी गुळण्या केल्या, मग गरम पाणी प्यायल्या, मग डॉक्टरकडे गेल्या. स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, पण डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर एक शब्दही नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यानंतर आवाज कसा येईल, ते आत्ता सांगता येणार नाही."

ताई घरी आल्या, गळ्यात पाटी अडकवून. त्यांची आई म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात मला बोलायला मिळतंय." ताई हसल्या. पण आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. ताईंना वाटलं भांडी घासणं चाललंय. मी टेबलावर होतो. पाण्याखालचं रडणं मला ओळखता येतं.

दोन रविवार जुन्या कार्यक्रमांवर निभावले. तिसऱ्या आठवड्यात साहेब फळं घेऊन घरी आले. बराच वेळ त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शेवटी म्हणाले, "ताई, वरून विचारणा झालीय. या रविवारी नवा कार्यक्रम नसेल, तर ती वेळ कायमची गाण्यांना द्यायची म्हणतात. तुम्ही लिहून द्या, आपण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ."

ताईंनी पाटीवर लिहिलं, 'मी लिहीत नाही, बोलते.'

"तेच तर," साहेब म्हणाले. त्यांचाही जीव होता हो ताईंवर.

ते गेल्यावर ताई कितीतरी वेळ मला हातात घेऊन बसल्या. त्यांनी रेकॉर्डर चालू केला, मला तोंडाजवळ नेलं, श्वास घेतला, ओठ उघडले आणि मिटले. माझ्यासारख्याच्या आयुष्यात याहून वाईट काय असणार? मग एकाएकी त्या उठल्या, कपाट उघडलं, आणि रेकॉर्डरची सगळी जुनी कार्डं टेबलावर ओतली.

रविवारी सकाळी आम्ही स्टुडिओत. सुरुवातीला दोन ओळी वाचायला कुणीतरी हवं होतं. ताईंनी कागद बटणमामांपुढे धरला. जन्मभर काचेपलीकडे बसलेला माणूस. रेडिओवर कधी खोकलासुद्धा नव्हता. मामांनी कागद दोन्ही हातांनी धरला. त्यांनी वाचलं, "ताई आज बोलू शकत नाहीत. त्या तुम्हाला कुठे घेऊन चालल्यात, ते तुम्हीच ओळखा." दोन ओळींत त्यांचा आवाज तीनदा चिरकला.

आणि या गडबडीत ते एक गोष्ट विसरले. स्टुडिओत एक पहारेकरी यंत्र असतं. बारा सेकंद काही ऐकू गेलं नाही की, काहीतरी बिघडलंय असं समजून ते आपण होऊन गाणं सुरू करतं. आज ते बंद ठेवायचं ठरलं होतं.

पहिलं मिनिट बेकरीचं. पाव तडतडत होते, चाळणी हलत होती. दुसरं बसडेपोचं. तिसरं टेनिस कोर्टाचं, सामन्याआधीच्या सकाळचं. कोर्टाची निगा राखणारे आजोबा जाळं ताणत होते, कप्पी कुरकुरली, आणि मग सगळं शांत. दहा सेकंद. अकरा. बारा. एकदम ढोल वाजले आणि गाणं सुरू झालं!

मामांनी कपाळावर हात मारला. साहेब दारातून धावत आत आले. ताई खुर्चीतून उठल्या. ओरडायलासुद्धा त्यांच्याकडे आवाज नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि घाबरून सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"अहो, गाणं कुणी घातलं मध्येच?" कोर्टवाले आजोबा कडाडले. "माझं कोर्ट चालू होतं तिथं! कप्पीला तेल घालायचंय, ते आत्ता कळलं मला. लावा परत!"

ते ठेवतात तोच दुसरा फोन. बसडेपोतली कंडक्टर बाई. तिसरा कुणाचा, ते कळलंच नाही, तो माणूस एवढंच म्हणाला, "शांतता परत करा." फोनच्या तिन्ही लाइनींचे दिवे लुकलुकत राहिले. साहेबांनी मामांकडे पाहिलं. "बघताय काय? बंद करा ते गाणं!"

कोर्ट पुन्हा पहिल्यापासून लागलं. मग पूल, घड्याळाचं दुकान, लिफ्ट, शाळा सुटल्यानंतरचा व्हरांडा. ज्या मिनिटांना मी कंटाळलो होतो, ती मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. प्रत्येक जागा वेगळी गप्प होती. ताईंना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मी नुसता कान होतो, ऐकणाऱ्या त्या होत्या.

शेवटचं मिनिट कुठलं, हे कुणालाच ओळखता येईना. साहेब मामांना विचारू लागले, मामांनी खांदे उडवले. तेव्हा बेकरीवाल्या काकांचा फोन आला. काका हळू बोलत होते. "हा ताईंचा श्वास आहे. मला प्रश्न विचारायच्या आधी त्यांनी अगदी असाच घेतला होता. ताई, आम्ही थांबलोय. सावकाश विचारा."

ताईंनी पाटी टेबलावर पालथी ठेवली. साहेब काचेकडे तोंड करून उभे राहिले.

रविवारची वेळ त्यांच्याकडेच राहिली. महिन्यानं ताईंचा आवाज परत आला. थोडा खरखरीत, थोडा खालचा. आईला तोच जास्त आवडतो. मी मात्र थकलो. माझी वायर हलली की ऐकणं तुटतं. गेल्या आठवड्यात नवा माईक आला. चांगला आहे, जरा शिष्ट आहे. मला स्टुडिओच्या टेबलावर ठेवलंय. माझी एकच विनंती आहे: हातात माईक आला तर फुंकर मारू नका, जरा थांबून ऐका.

काल ताईंनी इथे स्टुडिओतच नव्या माईकवर पहिलं काम केलं आणि सवयीनं हात वर केला, "एक मिनिट, कुणी बोलू नका." सगळे गप्प झाले. पंख्याचा वारा माझ्या सैल जाळीला लागला आणि ती किणकिण वाजू लागली. मी शरमेनं अर्धा झालो. जन्मात कधी आवाज केला नव्हता, आणि केला तो नेमका त्या मिनिटात!

मामा पुटपुटले, "ताई, हा वाजतोय. बाहेर नेऊन ठेवू का?"

ताई म्हणाल्या, "राहू द्या, मामा. तो इथलाच आहे. पुन्हा पहिल्यापासून घेऊ, त्याच्यासकट."